नेटबुकवरचं लिनक्स काढून विंडोज टाकायचं आहे (छापखान्याच्या कामासाठी)

शेवगा

नमस्कार मंडळी. विट्याजवळच्या गावात आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, पावती पुस्तकं, उत्तरकार्याच्या पत्रिका अशी कामं असतात. मजकूर आम्ही कंपोझ करतो, ट्रेसिंग काढतो आणि छपाई तालुक्याला करून आणतो.

दसऱ्याच्या आधी आमच्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड गेला. हार्डडिस्क शाबूत आहे. तिच्यात बाबांनी २००३ पासून केलेल्या पेजमेकरच्या (पानाची मांडणी करायचा प्रोग्रॅम) फायली आहेत. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराची पत्रिका त्यात सापडते. धाकट्याचं लग्न ठरलं की लोक म्हणतात, "थोरल्याची होती तशीच करा, फक्त नावं बदला."

घरात एसर अ‍ॅस्पायर वन डी२५५ हे नेटबुक आहे. १०.१ इंची पडदा, अ‍ॅटम एन४५० प्रोसेसर, २ जीबी रॅम, २५० जीबी डिस्क. २०१० साली घेतलं होतं. भावाने त्यात लुबंटू हे हलकं लिनक्स टाकून दिलंय आणि आई त्यावर भजनं ऐकते, मी मेल बघते. तक्रार काहीच नाही. पण पेजमेकर ७ आणि आमचं मराठीचं सॉफ्टवेअर, दोन्ही विंडोजचीच. मराठीच्या सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉकही आहे, म्हणजे मशीनला खोचायची किल्ली. ती लावल्याशिवाय ते उघडत नाही.

डेस्कटॉपसाठी घेतलेला विंडोज ७ चा मूळ खोका बिलासकट जपून ठेवलाय. तो इथे चालेल का? नेटबुकला डीव्हीडी ड्राइव्ह नाही, मग टाकायचं कसं? आणि लिनक्स पुसल्यावर मशीन सुरूच झालं नाही तर काय करायचं? तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची रांग लागते, त्याच्या आत हे मार्गी लावायचं आहे. नवीन लॅपटॉप घ्यायची ऐपत हंगामानंतर येईल, आत्ता नाही.

रातकिडा

ताई, आधी काढू नका एवढंच सांगतो. पंधरा वर्षांच्या मशीनवर आज अद्ययावत ब्राउझर चालतोय तो लिनक्समुळे. विंडोज ७ वर गेलात की क्रोम १०९ वर आणि फायरफॉक्स ११५ वर अडकाल, त्यापुढच्या आवृत्त्या त्यावर येतच नाहीत.

पेजमेकरच्या फायलींचं म्हणाल तर लिबरऑफिस ड्रॉ त्या उघडतं. २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून ती सोय आहे. पुढचं काम स्क्रायबस या लिनक्सवरच्या मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये करता येईल. जुन्या स्क्रायबसमध्ये देवनागरी तुटायची, आता जोडाक्षरं नीट येतात.

हिवरा

वाइनमध्ये, म्हणजे लिनक्सवरच विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीत, पेजमेकर चालवून बघितलं का? नाहीतर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या आतच, जुनं विंडोज एक्सपी.

बाभूळ

हिवरा, दोन्ही इथे उपयोगाचे नाहीत. वाइनमध्ये प्रोग्रॅम चालतो, पण लॉकचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसणारा असतो, तो वाइनमध्ये बसत नाही. लॉक दिसलं नाही की मराठीचं सॉफ्टवेअर उघडणार नाही. व्हर्च्युअलबॉक्सला आवृत्ती ६.१ पासून प्रोसेसरमध्ये व्हीटी-एक्स हे खास वैशिष्ट्य लागतं. एन४५० मध्ये ते नाही. जुनी आवृत्ती शोधून बसवली तरी २ जीबी रॅममध्ये दोन सिस्टिमा एकावर एक चालवायच्या म्हणजे पत्रिकेचं एक पान हलवायला चहा पिऊन यावं लागेल.

शेवगाताई, सगळ्यांत आधी लॉकचा फोटो टाका. यूएसबीचं आहे की मागे २५ पिनांचं, जुन्या प्रिंटरच्या पोर्टमध्ये लागणारं? नेटबुकला ते पोर्टच नसतं. बाजारात यूएसबी ते प्रिंटर अशी केबल मिळते, पण ती फक्त प्रिंटरशी बोलते, लॉक तिच्यातून दिसत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या डीटीपीवाल्यांपैकी (संगणकावर कंपोझ करणाऱ्यांपैकी) बरेच जण ती केबल घेऊन पैसे घालवून बसतात. लॉक २५ पिनांचं असेल तर विंडोज टाकण्याचा खटाटोपच करू नका.

शेवगा

फोटो टाकलाय. यूएसबीचं आहे. २५ पिनांचं होतं ते बाबांनी कंपनीकडून पैसे भरून बदलून घेतलं होतं.

बाभूळ

उत्तम. मग काम होण्यासारखं आहे.

टाइपकेस

रातकिडा यांच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत, अर्धा नाही. मी कोल्हापुरात शिशाच्या खिळ्यांपासून डीटीपीपर्यंत सगळं केलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

श्रीलिपी, आकृती, आयएसएम या मराठी सॉफ्टवेअरांच्या जुन्या फॉन्टांत केलेला मजकूर म्हणजे संगणकाच्या दृष्टीने मराठी नव्हेच. फॉन्टातल्या इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. काना वेगळा, अर्धा श वेगळा, रफार वेगळा, शिवाय रफार आणि अनुस्वार एकत्र असलेला तुकडा आणखी वेगळा. 'चि. सौ. कां.' मधली पहिली वेलांटी फायलीत च च्या आधी साठवलेली असते, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, उलट, आधी च आणि मग वेलांटी. म्हणून लिबरऑफिसमध्ये फाइल उघडलीत आणि तो फॉन्ट नसेल तर पानभर इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसेल. फॉन्ट बसवलात तर मजकूर वाचता येईल, पण 'दुपारी १२ वा. ३५ मि.' बदलून '१२ वा. ४२ मि.' करायला गेलात की कोणत्या कळीवर कोणता तुकडा आहे ते पाठ असावं लागेल. ते काम मराठीचं सॉफ्टवेअर करतं आणि ते लॉकशिवाय चालत नाही.

जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आहेत. साधा मजकूर बराचसा नीट होतो. पण रफार असलेली आडनावं, 'श्रीकृष्ण' मधला कृ, 'ज्येष्ठ' मधला ष्ठ, यांत चुका राहतात आणि पत्रिकेत चुकलेलं नाव म्हणजे घरात रुसवेफुगवे. शिवाय वर कमानीत बसवलेला गणपती, दोन्ही बाजूंना मामा-मामींची नावं, खाली किलबिल मंडळींची ओळ, ही सगळी मांडणी लिबरऑफिसमध्ये जशीच्या तशी येत नाही, ओळी सरकतात. वीस-बावीस वर्षांच्या फायली हंगामाच्या तोंडावर कन्व्हर्ट करायला काढू नका.

पुढे मात्र कराच. नवीन येणारं प्रत्येक काम युनिकोडमध्ये करायची सवय लावा. लॉक हरवलं किंवा बंद पडलं तर वडिलांनी केलेलं सगळं काम कुलूपबंद होईल. मी असे दोन छापखाने बघितलेत. जुन्या पत्रिकांची छापील प्रत तेवढी हातात, आणि पुन्हा पहिल्यापासून कंपोझ.

रातकिडा

टाइपकेस, हे मला इतकं बारकाईने माहीत नव्हतं. लॉक असताना सगळ्या फायलींची पीडीएफ तरी काढून ठेवावी. फॉन्ट पीडीएफमध्येच बसतो, मग निदान बघायला आणि छापायला कुठल्याही मशीनवर चालेल.

घाटमाथा

जुना मदरबोर्ड बदलून घ्या की! त्या पिढीचे वापरलेले बोर्ड अजून मिळतात. नेटबुकवर १०२४ बाय ६०० च्या पडद्यावर पेजमेकर म्हणजे डोळ्यांचे हाल.

शेवगा

बोर्डाची चौकशी केली. मिळतोय, पण हमी कोणी देत नाही. आणि नेटबुकला बॅटरी आहे. आमच्याकडे दुपारची लाईट जाते, डेस्कटॉपवर अर्धं काम सेव्ह न करता गेलेलं मी खूप वेळा पाहिलंय. दुसरं म्हणजे नेटबुक घेऊन थेट गिऱ्हाइकाच्या घरी जाता येतं. आजी-आजोबांसमोर बसून नावांचा क्रम ठरवायचा, तिथल्या तिथे बदलायचा. प्रुफाच्या चार फेऱ्या वाचतात.

कातळ

घाटमाथा, पडद्याचा त्रास खरा आहे, पण त्याला उपाय आहे. नेटबुकला मॉनिटरचं व्हीजीए पोर्ट आहे, डेस्कटॉपचा मॉनिटर पडलाच आहे तो जोडता येईल. आणि बाहेर असताना काही खिडक्यांचं 'ओके' बटण पडद्याच्या खाली जातं तेव्हा ऑल्ट आणि स्पेस दाबून एम दाबा, मग वरच्या बाणाने खिडकी वर सरकते. विंडोज ७ मध्ये इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरची रजिस्ट्रीतली डाउनस्केलिंगची नोंद शून्याची एक केली की १०२४ बाय ७६८ पर्यायही दिसायला लागतो. अक्षरं दाबलेली आणि थोडी पुसट दिसतात, पण पूर्ण पान नजरेखालून घालायला बरं पडतं.

हिवरा

विंडोज १० का नको? ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला.

बाभूळ

१० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नोंदणी करून मिळणारी वाढीव मुदत सोडली तर. ११ ला ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि टीपीएम ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे त्याचा विषयच नाही. १० चं ३२ बिट या मशीनवर बसेल, पण एका कोअरच्या अ‍ॅटमवर मागे चालू असलेली अपडेटं आणि फायलींची सूची बनवण्याचं काम डिस्कला श्वास घेऊ देत नाही. एक्सपीचा सपोर्ट २०१४ ला संपला. तो सगळ्यांत हलका आणि जुन्या लॉकला सगळ्यांत जवळचा, पण त्याच्या इन्स्टॉलरला डिस्क जोडण्याचा नवा प्रकार, सॅटाचा एएचसीआय मोड, ओळखता येत नाही. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जुना आयडीई मोड करावा लागतो, मग लिनक्सच्या बाजूलाही बघावं लागतं. आणि ताईंकडे लायसन्स ७ चं आहे.

७ चं ३२ बिटच घ्या, हे ठळक करून सांगतो. एन४५० वर ६४ बिट चालतं म्हणून मोहात पडू नका. ६४ बिट विंडोज सही नसलेला ड्रायव्हर बसू देत नाही, आणि जुन्या लॉकचा ड्रायव्हर नेमका तसाच निघू शकतो. शिवाय त्या काळातल्या काही सीडींचे सेटअप प्रोग्रॅम १६ बिटचे असतात. ते फक्त ३२ बिट विंडोजवर सुरू होतात.

लायसन्सचं: मशीनबरोबर आलेलं ओईएम स्टिकर त्या मशीनबरोबरच संपतं. खोक्यात विकत घेतलेलं रिटेल असेल तर जुन्या मशीनवरून काढून दुसऱ्यावर टाकता येतं. खोक्यात ३२ आणि ६४ अशा दोन डीव्हीडी असायला हव्यात. बघून सांगा.

शेवगा

दोन आहेत! आजवर मला वाटायचं एक जादाची प्रत दिलीय.

रातकिडा

मग माझी सूचना ऐका. लिनक्स पुसू नका, दोन्ही ठेवा. २५० जीबी जागा आहे. विंडोज फक्त छापखान्याच्या कामाला, त्याला नेटशी जोडायचंच नाही. मेल, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो, गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह, हे सगळं लिनक्समध्ये उघडायचं. झेरॉक्सच्या दुकानांतून फिरून आलेल्या पेन ड्राइव्हवर शॉर्टकट व्हायरस हमखास असतो. लिनक्सवर तो नुसता एक निरुपयोगी फाइल म्हणून पडून राहतो. हवी ती फाइल तेवढी उचलून मधल्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या भागावर) ठेवायची आणि विंडोजमध्ये तिथून घ्यायची.

टाइपकेस

+१. हे सगळ्यांत शहाणपणाचं.

बाभूळ

मान्य. क्रम लिहून देतो, पण ताई, सगळा वाचून झाल्याशिवाय हात लावू नका.

आधी जुनी हार्डडिस्क. डेस्कटॉपची ३.५ इंची डिस्क नुसत्या यूएसबी केबलवर चालत नाही, तिला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर असलेली सॅटा-यूएसबी केबल लागते. ती लिनक्समध्येच लावा, विंडोजच्या एनटीएफएस डिस्का लिनक्स वाचतं. फायली, फॉन्टचे फोल्डर आणि लॉकच्या ड्रायव्हरची सीडी, सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. मूळ डिस्क मग कपाटात ठेवा, तिला पुन्हा हात नको.

मग ड्रायव्हर. विंडोज बसल्यावर वायफाय किंवा लॅन चालेलच असं नाही, आणि नेट नसलं की ड्रायव्हर उतरवता येत नाही. म्हणून लिनक्स चालू असतानाच नेटबुकमधल्या वायफाय, लॅन, आवाज यांच्या चिपांची नावं लिहून घ्या आणि विंडोज ७ च्या ३२ बिटचे ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा.

पेन ड्राइव्ह बनवणं: डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या कोणाच्याही मशीनवर ३२ बिटच्या डीव्हीडीची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डीव्हीडीची एका फाइलीतली प्रत, करून आणा. लिनक्सची आयएसओ आपण जशी थेट पेन ड्राइव्हवर उतरवतो तशी विंडोजची उतरवून चालत नाही, त्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरूच होत नाही. बरेच जण इथेच अडकतात आणि पेन ड्राइव्ह खराब आहे असं समजतात. व्हेंटॉय वापरा. ते लिनक्सवरून बसवता येतं, मग आयएसओ त्यावर नुसती कॉपी करायची. त्याच पेन ड्राइव्हवर लुबंटूची लाइव्ह (डिस्कवर न बसवता थेट चालणारी) आयएसओही ठेवा, ती शेवटी लागणार आहे.

आता पार्टिशन. लाइव्ह लुबंटूवरून सुरू करून जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्रॅममध्ये लिनक्सचं पार्टिशन लहान करा. हे चालू असताना लाईट गेली आणि बॅटरीने साथ सोडली तर डेटा जातो. तुमच्याकडे दुपारची लाईट जाते म्हणालात, तर रात्री करा आणि बॅटरी आधी तपासा. मोकळ्या झालेल्या जागेत विंडोजसाठी एक प्रायमरी एनटीएफएस पार्टिशन आणि कामाच्या फायलींसाठी दुसरं, हे जीपार्टेडमध्येच तयार करून ठेवा. मोकळी जागा तशीच सोडलीत तर विंडोज स्वतःसाठी १०० एमबीचं आणखी एक पार्टिशन करतं, आणि या प्रकारच्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशनं चारच होतात.

एसरच्या बायोसमध्ये, म्हणजे सुरू होताना एफ २ दाबून, एफ १२ चा बूट मेनू बहुधा बंद ठेवलेला असतो. तो चालू करा. मग एफ १२, पेन ड्राइव्ह, आणि विंडोज बसवताना तुम्ही केलेलंच पार्टिशन निवडा. आकार लिहून ठेवलेला असला म्हणजे गोंधळ होत नाही.

विंडोज बसलं की लिनक्सचा मेनू दिसेनासा होईल. घाबरू नका, लिनक्स जागेवरच असतं. विंडोज फक्त डिस्कच्या सुरुवातीला स्वतःचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) लिहितं. लाइव्ह लुबंटूवरून ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, पुन्हा बसवायचं. ग्रबच्या नव्या आवृत्त्या शेजारचं विंडोज आपणहून शोधत नाहीत, ते शोधण्याची सेटिंग चालू करावी लागते. तिथे पोचलात की इथे लिहा, मी असेन.

कातळ

बाभूळ यांच्या यादीत एकच भर. दोन्ही सिस्टिमा ठेवल्या की घड्याळ साडेपाच तासांनी मागेपुढे होतं. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज भारताची. लिनक्सला 'स्थानिक वेळ धर' असं एकदा सांगितलं की मिटतं.

हिवरा

वाचनखूण साठवली. माझ्याकडे एन२७० प्रोसेसरवालं जुनं नेटबुक आहे, त्यावर हाच क्रम चालेल ना?

बाभूळ

विंडोजचा भाग चालेल. पण एन२७० निव्वळ ३२ बिट आहे आणि लिनक्सची बाजू आता तिथे अवघड होत चालली आहे. डेबियन या लिनक्सच्या आवृत्ती १३ पासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. सध्या जे बसलंय ते सांभाळा.

शेवगा

मंडळी, झालं!

बाभूळदादांनी लिहिलेल्या क्रमाने गेले. पार्टिशन लहान करायला रात्र लागली, बॅटरीच्या भरवशावर न राहता शेजारच्या काकांकडच्या इन्व्हर्टरवर केलं. विंडोज ३२ बिट बसलं, अ‍ॅक्टिव्हेशनपुरतं नेट जोडलं आणि मग वायफाय बंद करून टाकलं. ग्रबची सेटिंग बदलल्यावर दोन्ही नावं मेनूत आली.

लॉकचा ड्रायव्हर सीडीवरून बसला. सेटअप खरंच १६ बिटचा निघाला असावा, कारण भावाच्या ६४ बिट लॅपटॉपवर तीच सीडी सुरूसुद्धा होत नव्हती. पेजमेकर आधी फाइल उघडताना कुरकुरत होतं. त्याच्या आयकॉनवर उजवी टिचकी देऊन 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' केल्यावर शांत झालं.

पहिली फाइल २००६ ची उघडली, माझ्या आत्याच्या घरची. कमान, गणपती, 'आमच्या येथे श्री कृपेकरून', सगळं जिथल्या तिथे. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि ओळीमागून ओळ वाचत गेले, फॉन्ट कुठे बदललाय का ते बघत. रफारसुद्धा जागेवर होते. ट्रेसिंगची प्रिंट काढली, तीही स्वच्छ आली.

आई विचारत होती भजनं राहिली ना. राहिली.

टाइपकेस

फार बरं वाटलं वाचून. आता पीडीएफचं मनावर घ्या. विंडोज ७ मध्ये पीडीएफचा प्रिंटर आपसूक नसतो. पेजमेकर ७ बरोबर डिस्टिलर हा पीडीएफ बनवणारा प्रोग्रॅम येतो, तो बसवला नसेल तर मूळ सीडीत बघा. आधी पोस्टस्क्रिप्ट (छपाईच्या रूपातली) फाइल काढून मग पीडीएफ करा आणि फॉन्ट आत घेण्याची खूण तपासा. ती राहिली तर तालुक्याच्या मशीनवर तोच इंग्रजी कचरा दिसेल. फायलींची नावं वर्ष आणि आडनाव अशी द्या, पुढे शोधायला सोपं पडतं.

शेवगा

डिस्टिलर सीडीत आहे, आत्ताच पाहिला. २००३ च्या फोल्डरपासून सुरू करतेय. काका, एक विचारायचं होतं: नवीन कामं युनिकोडमध्ये करायची तर पत्रिकेला शोभेल असा जाड, वळणदार युनिकोड फॉन्ट कोणता घेऊ?

टाइपकेस

मुख्य मजकुराला मुक्त परवान्याचे मुक्ता किंवा बालू बघा, बालूला जाडी चांगली आहे. नवरा-नवरीच्या नावांना यात्रा वन किंवा कलाम लावून बघा, कलाम हाताच्या अक्षरासारखा दिसतो. चारही लिनक्सवर फुकट बसतात. पण आधी 'र्‍ह', 'ट्ट', 'ज्ञ', 'श्च' ही अक्षरं पत्रिकेत लागतील त्या मापात छापून बघा, पडद्यावर बघून ठरवू नका. नमुना झाला की इथे डकवा, मी बघतो.